एकोणीस

शाळेत कुणी फोड करून सांगितली नव्हती:
एकोणीस म्हणजे एकानं ऊन वीस.
आकड्याच्या नावातच उणं भरून ठेवलंय.
मला ते शिकवलं सैनिक कल्याणच्या कारकुनानं,
फायलीवर बोट ठेवून:
"वहिनी, लागतात वीस टक्के. साहेबांचे एकोणीस भरलेत."
भरलेत म्हणाला.
जसं काही आम्ही शेंगांचं माप घेऊन गेलो होतो.

हवालदार कचेश्वर गायधनी, तोफखाना,
चोवीस वर्षं दोन महिने.
भरतीच्या कागदावर तुमच्याच डॉक्टरांची सही आहे:
दोन्ही कान उत्तम.
झेरॉक्स जोडली आहे, पान चार.
नंतर चोवीस वर्षं तोफेच्या अंगाला उभे,
कानात कापसाचे बोळे, कधी तेही नाहीत,
आणि घरी पाठवताना बोर्डानं लिहिलं,
सेवेमुळे झालेलं नाही,
सेवेत वाढलेलंही नाही.
मग कशानं झालं?
माझ्या बोलण्यानं?

एक गोष्ट अपिलात घातलेली नाही.
बोर्डाच्या दिवशी ह्यांना पाठमोरं उभं केलं.
मागून डॉक्टर कुजबुजले:
अठ्ठावीस. पळस. कुलूप.
समोर औषधांचं कपाट होतं, काचेचं,
आणि काचेत डॉक्टरांचे ओठ.
तीनातले दोन बरोबर सांगितले ह्यांनी.
घरी आले तर काय खूश,
जसं पहिल्याच गोळ्यात निशाण उडवलंय.
मी कपाळावर हात मारला.
म्हणाले, "अगं, अधिकाऱ्यानं विचारलं
तर उत्तर द्यायचं असतं."

रेंजवर फायरिंग असलं
की आमच्या लहवितात मांडणीवरची ताटं
एकमेकींना लागतात.
गाय दाव्याला हिसका देते.
हे ओट्यावर तळहात टेकून बसतात,
डोळे अर्धे मिटून:
"ही बोफोर्स.
ही जुनी, एकशेतीसवाली.
तिसरी उशिरा सुटली, पोरं नवी दिसतात."
दारातून नात तीनदा हाक मारून गेलेली असते.
फडोळ वकिलांना हे सांगितलं
तर त्यांनी पेनाचं टोपणच लावलं.
"हे कुठं बोलू नका, काकू.
तळहाताला ऐकू येतं म्हणालात
तर आहेत ते एकोणीसही काढून घेतील."

बरं. नाही बोलत.

पण मी सव्वीस वर्षं ओरडते आहे, साहेब.
मीठ कमी आहे का, ते ओरडून.
गॅसवाला आलाय, ओरडून.
तुमची बहीण गेली हो सिन्नरची,
तेही ओरडूनच सांगावं लागलं,
रडायच्या आधी.
रात्री दिवा घालवल्यावर
जे हळू बोलायचं असतं माणसानं,
ते बोलायला मी उठून दिवा लावते.
ओठ दिसायला हवेत ना.
माझा घसा कुठल्या रकान्यात भरायचा,
त्याचे टक्के कोण मोजतं,
असं मी त्या कारकुनाला विचारणार होते.
पण मागे रांग होती.
एक पोरगी उभी होती, कडेवर बाळ,
तिच्या हातातली फायल माझ्यापेक्षा जाड.

काल पत्र आलं.
फेरतपासणी. अठरा मार्च,
देवळालीचं मिलिटरी हॉस्पिटल, सकाळी आठ.
मी अंगणात उभं राहून वाचून दाखवलं.
"आणि ह्या वेळी कपाटाकडे बघायचं नाही!"
"काय?"
"डोळे! डोळे मिटून उभं राहायचं!"
समोरची हिराबाई खिडकीत आली,
तिला वाटलं आमचं पुन्हा पेटलं.
हे माझ्या तोंडाकडे बघत होते,
नवीन लग्नात बघायचे तसे, नीट, न हलता.
मग मान डोलावली.

"कळलं," म्हणाले. "आठ वाजता."